पोपोचा बाप्तिस्मा

मम्मीकडे चर्चच्या स्वयंपाकघराची किल्ली होती, आणि ब्रिस्टलमधल्या आमच्या घरात त्या किल्लीइतका मान दुसऱ्या कशालाच नव्हता. पप्पा विमानाच्या कारखान्यात पंखांची गणितं करायचे, चांगले मोठे इंजिनिअर होते, पण चर्चमध्ये ते ‘किल्लीवाल्या बाईंचे मिस्टर’ एवढेच. रविवारी सकाळी इंग्लिश लोकांची उपासना व्हायची, मग पांचट चहा आणि मऊ पडलेली बिस्किटं. ती मंडळी पांगली की मम्मी हॉलच्या खिडक्या उघडायची आणि कार्डिगनच्या बाह्या वर सारून पातेली काढायची, कारण दुपारी त्याच हॉलमध्ये चायनीज मंडळी जमायची. त्यांची स्वतःची इमारत नव्हती. किल्ली मम्मीची म्हणून मम्मी थांबायची, आणि मम्मी थांबली की मीही अडकायचे. कोपऱ्यात बसून ए-लेव्हलची, म्हणजे बारावीची केमिस्ट्री करता करता मला त्या हॉलचे आवाज पाठ झाले होते. भाताच्या भल्यामोठ्या कुकरचं झाकण, आलं आणि पातीचा कांदा कापणाऱ्या सुऱ्या, खुर्च्या उलगडण्याचा खडखडाट, आणि मग ओळखीच्याच एका गीताची चाल, पण कँटनीज शब्दांत. तीच चाल मी सकाळी इंग्लिशमध्ये ऐकलेली असायची आणि लहानपणापासून घरी मराठीत.

आम्ही मराठी ख्रिस्ती, अहमदनगरकडचे. हे वाक्य लिहायला सोपं आहे, पण शाळेत ते समजावून सांगायचं म्हटलं की मी पळवाट शोधायचे. ‘तू इंडियन ना, मग हिंदू असशील,’ अशी सुरुवात व्हायची, आणि ख्रिश्चन आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘ओह, कधी कन्व्हर्ट झालात?’ जसं काही आम्ही गेल्या मंगळवारी बाजारातून धर्म बदलून आणला होता. मम्मीचे आजोबा गावोगाव येशूचं कीर्तन करत फिरायचे, टाळ, मृदंग, फेटा, सगळ्या थाटात. आधी मिशनच्या साहेबाने त्यांना दम भरला होता की असला टाळ देवळात, म्हणजे चर्चमध्ये चालणार नाही, आणि पुढे तोच साहेब मांडी घालून त्यांचं कीर्तन ऐकायला बसला होता. आमच्या घरात ही गोष्ट इतक्यांदा सांगून झाली होती की तिची सुरुवात झाली की मी वॉकमनचे हेडफोन शोधायला लागायचे. आपला धर्म नक्की कुणाचा, हा प्रश्न मला तेव्हा फार छळायचा. इंग्लिश लोकांना वाटे तो त्यांचा, आम्ही उसना घेतलेला. मला याचा संताप यायचा.

संध्याकाळी जेवण झालं की मराठी पवित्र शास्त्रातला एक अध्याय वाचायचा आणि मग प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करायची, असा नियम होता. माझी प्रार्थना ऐकून पप्पांचे खांदे हलायचे. ‘प्रभू, माझा परीक्षा चांगला जाऊ दे आणि मम्मीची गुडघा बरी होऊ दे,’ असं काहीतरी मी म्हणायचे. पप्पा म्हणायचे, “राहू दे गं, देवाला कळतं.” मम्मी म्हणायची, “देवाला कळत असेल, मला नाही कळत. पुन्हा म्हण.” आज मेडनहेडच्या घरात बसून मी हे सगळं मराठीत लिहिते आहे ते त्या ‘पुन्हा म्हण’च्या जोरावर. माझ्या मुलांना मी इतकं छळत नाही, आणि त्याचे परिणाम मला दिसतात.

मेइ माझी मैत्रीण. केमिस्ट्रीत माझ्या शेजारी बसायची आणि रविवारी दुपारी त्याच हॉलमध्ये भेटायची. तिच्या आईवडिलांचं टेकअवे होतं आणि दुकानामागच्या खोलीत तिची आजी राहायची, पोपो. कँटनीजमध्ये आईच्या आईला पोपो म्हणतात. मीही तिला पोपोच म्हणायचे आणि तीही मला नातीसारखीच वागवायची, म्हणजे समोर दिसले की खायला घालायची. “ईट, ईट. टू थिन,” एवढं तिचं इंग्लिश. तेलाच्या शिंतोड्यांनी तिच्या हातांवर बारीक पांढरे डाग पडले होते, आणि त्या हातांनी ती दिवसभर कोळंबी सोलत बसलेली असायची. तिच्या खोलीत भिंतीला एक लाल रंगाची फळी होती. फळीवर तिच्या नवऱ्याचा, कुंग-कुंगचा फोटो, पुढे संत्र्यांची बशी, चहाचे छोटे कप आणि उदबत्त्यांची वाटी. हाँगकाँगहून येऊन दोघांनी हे दुकान काढलं आणि थोड्याच दिवसांत कुंग-कुंग गेले. तेव्हापासून रोज सकाळी तळणीचं तेल तापायच्या आधी पोपो त्यांच्यापुढे ताजा चहा ओतायची. मगच शटर वर जायचं.

तर ही पोपो बरीच वर्षं चायनीज मंडळीत येत होती. शेवटच्या रांगेत बसायची, प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांत आधी डोळे मिटायची आणि सगळ्यांत शेवटी उघडायची. त्या वर्षी डॉक्टरांनी तिच्या हृदयाबद्दल काहीतरी सांगितलं आणि तिने मनाशी पक्कं केलं की या ईस्टरला बाप्तिस्मा घ्यायचाच. पण बाप्तिस्मा द्यायचा की नाही हे मंडळीच्या वडिलांच्या, म्हणजे कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांच्या हातात होतं, आणि ते होते चान अंकल. चान अंकल चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचे, शर्टाच्या खिशात दोन पेनं, आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी पोपोला हळूच सांगितलं की फळी उतरवावी लागेल. उदबत्ती, संत्री, चहा, फोटो, सगळंच. मेलेल्यांना नैवेद्य दाखवायचा आणि येशूचं नावही घ्यायचं, असं दोन्ही चालत नाही.

“मग त्यांना चहा कोण देणार?” पोपोने विचारलं. मेइने मला हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघी दुकानाच्या मागच्या पायरीवर चिप्स खात बसलो होतो. “शी रिअली बिलीव्ह्ज इट, रूथ. तिला वाटतं कुंग-कुंग उपाशी राहणार. म्हणजे एकतर जीझस, नाहीतर तिचा हजबंड. हाऊ इज दॅट फेअर?” आत पोपो कोळंबी सोलत होती आणि मध्येच मनगटाने डोळे पुसत होती. मला चान अंकलचा भयंकर राग आला.

तो राग मम्मीने उतरवला. मेइच्या आईने तिला कोबी चिरता चिरता सगळं सांगितलं होतं. चान अंकल तरुणपणी हाँगकाँगमध्ये ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांच्या पाळकांच्या, म्हणजे पास्टरच्या सांगण्यावरून त्यांनी घरातली वडिलांच्या नावाची लाकडी पाटी अंगणात नेऊन जाळली. घरातले सगळे रोज त्या पाटीपुढे वाकायचे. त्यानंतर त्यांची आई त्यांच्याशी बोलली नाही. “आता तूच सांग,” मम्मी म्हणाली, “एवढी किंमत मोजलेला माणूस दुसऱ्याला कसं म्हणेल, तुझी पाटी राहू दे? मग त्याची स्वतःची कशासाठी जळली?” राग गेला, पण त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा जड होतं.

इथे हन्नामावशींना आणायला हवं. हन्नामावशी बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू. माहेर अलिबागकडचं, मराठी अशी खणखणीत की पप्पासुद्धा त्यांच्यासमोर नीट बोलायचे. त्यांचे यजमान जहाजावर इंजिनिअर होते, ते ब्रिस्टलला उतरले आणि इथेच राहिले. मावशींनी इथल्या शाळेत बायॉलॉजी शिकवली होती. मम्मीची आणि त्यांची ओळख झाली ती भारतीय सामानाच्या दुकानात, मावशी एक नारळ कानाशी धरून हलवत ‘मेला बद्द वाजतोय’ म्हणून पुटपुटत होत्या आणि मम्मीने मागूनच विचारलं, “ताई, तुम्ही कुठल्या?” तेव्हापासून हन्नाताईंवाचून मम्मीचं पान हलेना. मावशी आमच्याकडे यायच्या, चहा प्यायच्या, पण धर्माच्या बाबतीत एक इंच सरकायच्या नाहीत. “तुमचा येशू आमच्यातलाच पोरगा,” त्या म्हणायच्या. “घर सोडून गेला आणि मोठं नाव काढलं. त्याचं सगळं म्हणणं आम्हांला काही पटत नाही, पण पोरगा आमचाच.” पप्पांना हे फार आवडायचं. ते मुद्दाम पाहुण्यांसमोर मावशींना बोलतं करायचे.

ईस्टरच्या आधी मम्मीच्या डोक्यात एक कल्पना आली. मम्मीच्या डोक्यात कल्पना आली की घरातल्या सगळ्यांना काम लागायचं. येशूने शिष्यांबरोबर शेवटचं जेवण घेतलं ते वल्हांडणाचं, म्हणजे मिसरातल्या, इजिप्तमधल्या गुलामीतून सुटल्याच्या ज्यू लोकांच्या सणाचं. मग चायनीज मंडळीला ते जेवण काय असतं हे एकदा कळू नये का, आणि ते सांगायला हन्नाताई शेजारी असताना. चान अंकलना कल्पना पसंत पडली. मावशींनी मात्र अट घातली. “हे बघ, सण घरात होतो, हॉलमध्ये होत नाही. मी सण करून दाखवणार नाही, ते काही नाटक नव्हे. सणाच्या आधीच्या आठवड्यात येईन, आम्ही काय खातो आणि का खातो ते सांगेन, चार घास खाऊ आणि उठू.” मम्मीने लगेच मंडळीतल्या बायकांना निरोप दिला की प्रत्येकीने एक पदार्थ आणायचा, नियम एकच, त्यात यीस्ट नको. शास्त्रात बेखमीर भाकर आहे.

बायकांनी नियम अगदी काटेकोर पाळला. त्या रविवारी टेबलावर डंपलिंगचे डोंगर उभे राहिले. पीठ बिनयीस्टचं, हाताने लाटलेलं, मुरडी अशा सुबक की करंजीने लाजावं. आणि प्रत्येक डंपलिंगमध्ये डुकराचं मांस, ज्यूंना सक्त वर्ज्य. मेइची आई कौतुकाने मम्मीला म्हणाली, “नो यीस्ट. एव्हरी वन, नो यीस्ट.” मम्मीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ती चायनीज मंडळीला यीस्टचं सांगून बसली होती आणि डुकराचं सांगायची विसरली होती, कारण आमच्या घरात डुक्कर कधी शिजतच नव्हतं, ते सांगावं लागतं हे तिच्या लक्षातच आलं नाही. हन्नामावशींनी टेबलाला एक पूर्ण फेरी घातली, प्रत्येक बशीत वाकून पाहिलं आणि मग त्या अशा हसायला लागल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली. “अगं, आमचे पूर्वज मिसरातून सुटले ते हे बघायला,” त्या मला म्हणाल्या, “आणि हे इंग्लिशमध्ये सांगू नकोस, बिचाऱ्या सकाळपासून खपल्यात.” सुदैवाने त्यांनी स्वतः डबा भरून तांदळाची घावनं आणली होती. ती पाहून शेवटच्या रांगेतून पोपो उठून आली. तांदूळ तिला लांबून कळायचा. एक घावन तिने हातात घेतलं, उजेडात धरून जाळी पाहिली, खाल्लं, आणि न विचारता मावशींच्या शेजारची खुर्ची ओढून बसली.

तिथेच तिने तो प्रश्न विचारला. पोपो कँटनीजमध्ये मेइला म्हणाली, मेइने मला इंग्लिशमध्ये सांगितलं, आणि मी मावशींना मराठीत: “मावशी, ती विचारतेय, तुमचा माणसं मेला की तुम्ही त्याला काय देता?”

“माणूस मेला की,” मावशींनी सवयीने दुरुस्त केलं. मग त्यांनी पोपोकडे नीट पाहिलं. त्यांना आमच्या मंडळीतलं काही ठाऊक नव्हतं, पण जन्मभर शाळेत शिकवणारी बाई ती, प्रश्नामागचा प्रश्न तिला कळला. “बुधवारी आमचे हे गेले त्याचा दिवस आहे. तिला म्हणावं, घरी ये आणि बघ. हे काही बोलून सांगता येत नाही.”

पोपोकडे गाडी नव्हती आणि दुकान बंद ठेवून मेइच्या वडिलांना येता येईना, त्यामुळे बुधवारी तिला आणायचं काम चान अंकलवर आलं. त्यांनी ते आनंदाने पत्करलं असं म्हणवत नाही. मेइ, मम्मी आणि मीही बरोबर होतो. मावशींच्या दारात पोपो थबकली. दाराच्या चौकटीला उजवीकडे एक छोटी धातूची नळी तिरकी ठोकलेली होती. मावशी आत जाताना तिला बोटं लावून ती ओठांना लावायच्या. आत देवाची आज्ञा लिहिलेला कागद असतो, त्यांनी सांगितलं. पोपोने मेइकडे वळून काहीतरी म्हटलं. “ती म्हणतेय, आमच्याकडे पण दाराला असं लावतात, न्यू इयरला. लाल कागदावर लिहून. चान अंकलनी चर्चच्या दाराला पण लावलाय, बायबल व्हर्सवाला.” चान अंकलनी मान डोलावली आणि त्या नळीकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिले.

खोलीत खिडकीपाशी मावशींच्या यजमानांचा, काकांचा फोटो होता, बोटीवरचा, डोळे बारीक केलेले. त्याच्या शेजारी काचेच्या पेल्यात एक दिवा जळत होता. मधल्या टेबलावर मोठ्या ताटात मलिदा: भिजवलेले पोहे, साखर, खोवलेलं ओलं खोबरं, वेलदोडा, वर बदाम-पिस्ते, आणि भोवती खजूर, केळी, सफरचंदं, गुलाबाची फुलं. त्या पोह्यांचा वास अजून माझ्या नाकात आहे. मी पुढे कितीदा तरी करून पाहिलं, तो वास येत नाही. मावशी म्हणायच्या, नारळ नीट निवडत नाहीस. पोपोने मोकळ्या हाताने कसं यायचं म्हणून पिशवीतून संत्री आणली होती. तिने ती दोन्ही हातांनी पुढे केली आणि मावशींनी ती दोन्ही हातांनी घेतली, आणि सरळ नेऊन ताटात, खजुरांच्या शेजारी ठेवली. चान अंकलची मान ताठ झालेली मला दिसली.

“मे आय आस्क,” त्यांनी सौम्यपणे विचारलं. “हा दिवा. तुम्ही तो लावता तेव्हा कुणाशी बोलता? तुमच्या मिस्टरांशी?”

मावशींना इंग्लिश उत्तम यायचं, पण त्या मराठीत बोलल्या, कदाचित पोपोपर्यंत ते त्याच वाटेने जावं म्हणून. “देवाशी बोलते. ह्यांच्याशी मी रोजच बोलते, भांडतेसुद्धा, त्याला दिवा लागत नाही.”

मग त्यांनी फळं एकेक करून हातात घेतली आणि हिब्रूमध्ये छोट्या छोट्या प्रार्थना म्हटल्या. झाडावरच्या फळांसाठी वेगळी, जमिनीतून आलेल्यासाठी वेगळी, सुवासासाठी वेगळी. प्रत्येक वेळी त्या थांबायच्या आणि मला अर्थ सांगायच्या. हे परमेश्वरा, झाडांची फळं निर्माण करणारा तू धन्य आहेस. एवढंच. मी ते इंग्लिशमध्ये करायचे, मेइ कँटनीजमध्ये. घरी जे मराठी मला चुकत माकत यायचं ते त्या खोलीत एकाएकी सरळ चालायला लागलं, कारण पोपो माझ्या तोंडाकडे पाहत होती, आणि एक शब्द इकडचा तिकडे झाला तर तिचं नुकसान होईल असं मला वाटत होतं. प्रार्थना झाली की मावशी ते फळ फोटोपुढे ठेवत नसत. कापायच्या आणि आम्हांला वाटायच्या. आम्ही खायचो. मलिदाही तसाच वाटला. फोटोपुढे नुसता दिवा.

पोपोला राहवेना. तिने मेइचा हात घट्ट धरून विचारलं, “मग त्यांना काय? त्यांच्यासाठी काही ठेवलं नाही?”

“आम्ही खाल्लं, देवाचे आभार मानले, ते ह्यांच्या नावाने,” मावशी म्हणाल्या.

“पण ते उपाशी नाहीत का?”

हा प्रश्न तीन भाषांतून मावशींपर्यंत पोचला तेव्हा त्यांनी हातातली सुरी खाली ठेवली. “अगं बाई,” त्या पोपोला म्हणाल्या, जणू पोपो अलिबागजवळच्या थळची किंवा रेवदंड्याचीच असावी, “ते देवाच्या घरी आहेत. देवाच्या घरी काय उपास घडतो कुणाला?”

मी ते इंग्लिशमध्ये सांगितलं. मेइने कँटनीजमध्ये. पोपोने फोटोतल्या काकांकडे पाहिलं, मग ताटाकडे, मग पुन्हा मावशींकडे. आणि मग तिचा सोन्याचा दात दिसला. ती हसत होती, रडतही होती, आणि हाताच्या उलट्या बाजूने मावशींच्या दंडावर चापट्या मारत होती. मावशींनी तिला खजूर दिला. मम्मीने माझ्याकडे न पाहता माझा हात दाबला. चान अंकल हसले नाहीत. त्यांच्या हातात पोपोच्या संत्र्याची एक फोड होती, ती त्यांनी खाल्ली नव्हती. शेवटी त्यांनी ती तोंडात टाकली, मावशींना ‘थँक यू’ म्हटलं आणि पोपोचा कोट आणायला उठले.

पुढचे दिवस मला आठवतात ते फक्त वाट पाहण्याचे. चान अंकल काहीच बोलेनात. मेइ आणि मी शाळेत एकमेकींना खाणाखुणा करायचो, मोबाइलवर मेसेज करायचो, ‘एनी न्यूज?’ ‘नो.’ मम्मीने एकदा हॉलमध्ये त्यांना गाठून आपल्या आजोबांच्या टाळाची आणि मिशनच्या साहेबाची ती सगळी गोष्ट सांगितली, आणि आयुष्यात प्रथमच ती मी शेवटपर्यंत ऐकली. चान अंकलनी एकच विचारलं, “साहेबाने मत बदललं, तेव्हा लोक त्याला हसले नाहीत?” मम्मी म्हणाली, “हसले असतील. पण टाळ वाजला ना.”

गुड फ्रायडेच्या उपासनेनंतर ते पुढे येऊन उभे राहिले. मेइ माझ्या कानात इंग्लिश करून सांगत होती. ते म्हणाले, उदबत्ती आणि मेलेल्यांसाठी कागदी नोटा जाळणं आम्ही सोडलं आहे आणि सोडलेलंच राहील, कारण आपण कुणाला पोसत नाही, पोसणारा एकच आहे. पण आईबापांचा मान राख ही आज्ञा देवानेच दिली आहे, आणि ती त्याने आधी ज्यांना दिली त्यांच्या घरी मी गेल्या आठवड्यात जेवून आलो. पोपोने फोटो ठेवावा. संत्री ठेवावीत. आधी देवाचे आभार मोठ्याने मानावेत, मग ती संत्री सगळ्यांनी खावीत. जन्मदात्यापुढे किंवा नवऱ्यापुढे मान झुकवायची असेल तर झुकवावी, जशी आपण नव्या वर्षाला घरातल्या म्हाताऱ्यांपुढे झुकवतो. एवढं बोलून ते चष्मा पुसत खाली बसले. मेइ म्हणाली, “ओ माय गॉड, ही सेड येस,” आणि चर्चमध्ये असं म्हटल्याबद्दल तिच्या आईने तिला चिमटा काढला.

ईस्टरच्या दुपारी आमच्या चर्चच्या प्लॅटफॉर्मवरचा गालिचा गुंडाळला, फळ्या काढल्या आणि खालचा बाप्तिस्म्याचा हौद उघडा पडला. पप्पा सकाळपासून त्याच्या हीटरशी झगडत होते. विमानाचे पंख करणाऱ्या माणसाला तो हीटर काही दाद देईना. सकाळचे इंग्लिश लोकही थांबले होते, किल्लीवाल्या बाईंनी कुणाला घरी जाऊच दिलं नव्हतं. हन्नामावशी मागच्या बाजूला कोट घालून बसल्या होत्या, “मी नुसती बघायला आलेय,” असं प्रत्येकाला सांगत. पोपो पांढरा झगा घालून आली. केस नुकतेच पर्म करून कुरळे केले होते, ते भिजू नयेत म्हणून तिने डोक्यावर टेकअवेच्या किचनमधली प्लॅस्टिकची टोपी चढवली होती आणि ती काढायला ती कुणाचंही ऐकणार नव्हती. चान अंकल आणि आमच्या चर्चचे पाळक कमरेइतक्या पाण्यात उभे होते. त्यांनी तिला विचारलं, तिने उत्तर दिलं, हॉलच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. मग ती पाण्याखाली गेली. मी उठून उभी राहिले. त्या हृदयाचं मला ठाऊक होतं. ती वर आली, टोपी जागेवर, आणि चान अंकलना काहीतरी ठणकावून बोलली. अख्खी चायनीज मंडळी हसायला लागली. मेइ म्हणाली, “ती म्हणतेय, पाणी गरम असेल असं सांगितलं होतं.” आणि मग गाणं सुरू झालं, ती सगळ्या भाषांतली एकच चाल, मम्मीने पिशवीतून टाळ काढले, आणि मी तिच्याकडून एक जोड मागून घेतला. शाळेतल्या कुणी पाहिलं असतं तरी मला पर्वा नव्हती. मी इतकी खूश होते की मला ताल सापडत नव्हता.

त्यानंतर हॉलमध्ये टेबल मांडलं. कुंग-कुंगचा फोटो, फुलं, आणि संत्र्यांची रास. केस मात्र कोरडेच, अशा थाटात पोपो पुढे आली. तिने डोळे मिटले आणि मोठ्याने आभार मानले: नवऱ्याने हाँगकाँगहून तिची पेटी स्वतःच्या खांद्यावर वाहिली त्याबद्दल, तो बेसूर गायचा त्याबद्दल, आणि आता तो उपाशी नाही त्याबद्दल. मग फोटोपुढे मान झुकवली आणि संत्री सोलून पोरांना वाटायला लागली. लोक रांगेने येत होते. सगळ्यांच्या शेवटी चान अंकल आले आणि टेबलापाशी नुसतेच उभे राहिले. त्यांच्याकडे ठेवायला काहीच नव्हतं, फोटो नव्हता, पाटी नव्हती. पोपोने त्यांच्याकडे पाहिलं. मग कुंग-कुंगचा फोटो तिने डावीकडे सरकवला, शेजारी रिकामी झालेली जागा हाताने पुसली, तिथे एक संत्रं ठेवलं आणि म्हणाली, “तुझ्या वडिलांचं नाव काय?”

चान अंकलनी चष्मा काढला. मग त्यांनी नाव सांगितलं. आधी अगदी हळू, आणि पोपोने कानाला हात लावल्यावर मोठ्याने. वडील सायकली दुरुस्त करायचे, ते म्हणाले, आणि मला पुढच्या दांड्यावर बसवून शाळेत न्यायचे. हे प्रभू, त्यांच्यासाठी तुझे आभार. आणि सगळा हॉल, कँटनीज, इंग्लिश, मम्मी, पप्पा, मागे कोट घालून बसलेल्या मावशीसुद्धा, एका दमात आमेन म्हणाले. सगळ्यांत मोठ्याने मी म्हणाले.